लेफ्टनंट जनरल सगत सिंग : पणजी, नथू ला, मेघना

दोडामार्गकर | १९ डिसेंबर, सकाळी ७:४०

आज गोवा मुक्तिदिन. दरवर्षी या दिवशी मला आजोबा आठवतात. ते गोव्याच्या हद्दीलगतच्या दोडामार्गचे, आणि १८ डिसेंबर १९६१ ची सकाळ त्यांनी आम्हाला इतक्यांदा सांगितली की आता वाटतं मीच तिथे उभा होतो. थंडी, धुकं, नीट उजाडलेलं पण नाही, आणि रस्त्याने गाड्यांची रांग, मधेच रणगाडे, जे आजोबांनी आयुष्यात पहिल्यांदा बघितले. कोणाचं सैन्य, कोण साहेब, काही माहीत नाही. "शीख होते रे झिला, ह्ये उंच", एवढंच सांगायचे.

त्या साहेबाचं नाव मला खूप उशिरा कळलं. ब्रिगेडियर सगत सिंग, ५० पॅराशूट ब्रिगेड. आणि मग त्यांच्याबद्दल वाचत गेलो तसं कळलं की हा माणूस भारताच्या तीन मोठ्या लष्करी प्रसंगांत तिन्ही वेळा ऐन मोक्याच्या जागी होता, १९६१ ला गोवा, १९६७ ला सिक्कीमची नथू ला खिंड, १९७१ ला बांगलादेशातली मेघना नदी, आणि तिन्ही वेळा जेवढं सांगितलं होतं त्याच्या पुढे गेला. तरी आपल्याकडे शंभर जणांना विचारा, माणेकशॉ सगळ्यांना माहीत, अरोरा बऱ्याच जणांना माहीत, सगत सिंग एखाद्याला. म्हणून हा धागा. ज्यांना जे माहीत आहे ते लिहा.

आधी थोडक्यात माणूस. जन्म १४ जुलै १९१९, राजस्थानातल्या चुरू भागातलं कुसुमदेसर गाव, तेव्हाचं बिकानेर संस्थान. वडील बिकानेरच्या गंगा रिसाल्यात, म्हणजे उंटदळात, पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात लढलेले. मुलगा कॉलेज अर्धवट सोडून त्याच रिसाल्यात नाईक म्हणून भरती झाला. नाईक म्हणजे हातावर दोन फिती. तिथून संस्थानाच्या फौजेत अधिकारी, दुसऱ्या महायुद्धात इराकमध्ये, हैफाच्या स्टाफ कॉलेजात शिक्षण, स्वातंत्र्यानंतर संस्थानी फौजा विलीन झाल्या तेव्हा भारतीय लष्करात, ३ गोरखा रायफल्समध्ये. म्हणजे सँडहर्स्ट नाही, देहरादून नाही, मोठ्या घराण्याची ओळख नाही. खालून वर आलेला माणूस. मला वाटतं त्यांच्या पुढच्या सगळ्या वागण्याचं मूळ इथे आहे, पण ते नंतर.

१९६१ मध्ये ते पॅरा ब्रिगेडचे कमांडर झाले तेव्हा त्यांनी पॅराशूटची एकही उडी मारलेली नव्हती. वय ४२. छातीवर विंग्ज (उड्या पूर्ण केल्याचा बिल्ला) नसलेल्या साहेबाला पॅराचे जवान मनातून मानत नाहीत हे त्यांना माहीत होतं, म्हणून आल्या आल्या त्या वयात उड्या मारून विंग्ज मिळवल्या. आणि तीनच महिन्यांत गोवा.

ठरलेला बेत असा होता की मुख्य काम मेजर जनरल कँडेथ यांच्या १७ इन्फन्ट्री डिव्हिजनचं, ती बेळगावकडून मोल्याच्या बाजूने पूर्वेतून येणार, आणि ५० पॅरा ब्रिगेडने उत्तरेकडून दाब द्यायचा, मदतीला. मदतीला हा शब्द लक्षात ठेवा. सगत सिंगांनी तीन वाटा केल्या. पूर्वेकडून २ पॅरा (मराठा) उसगाव-फोंड्याकडे, मधून १ पॅरा (पंजाब) बाणस्तारीवरून पणजीकडे, आणि पश्चिमेची वाट आमच्या दोडामार्गची, २ शीख लाइट इन्फन्ट्री आणि सोबत चिलखती दल. पोर्तुगीजांनी पहाटेच डिचोली, अस्नोडा इथले पूल उडवले होते. तरी सकाळी साडेसहाला निघालेली ही तुकडी अस्नोडा, थिवीकडून संध्याकाळी पाचला बेतीला पोचली. समोर मांडवी, पलीकडे पणजी, मध्ये पाचशे मीटर पाणी. मुख्य फौज अजून मागे आणि मदतीला आलेले राजधानीसमोर उभे.

रात्र काठावर काढून १९ ला सकाळी साडेसातला दोन कंपन्या नदी ओलांडून पणजीत शिरल्या. प्रतिकार झाला नाही. आणि इथे त्यांनी एक हुकूम दिला तो मला फार आवडतो, शहरात शिरताना पोलादी हेल्मेट काढा आणि मरून बेरे, म्हणजे पॅराची गडद लाल कापडी टोपी, घाला. समोर लोक आहेत, आपलेच आहेत, त्यांना डोक्यावर पोलाद दिसायला नको. त्याच संध्याकाळी साडेआठला गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा यांनी शरणागतीवर सही केली. लिस्बनहून पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारचा हुकूम होता शेवटच्या माणसापर्यंत लढा म्हणून. त्यांनी तो मानला नाही आणि गोवा वाचला. त्या माणसालाही आज आठवायला हवं.

फोंड्याची | १९ डिसेंबर, सकाळी ९:१५

दोडामार्गकर, छान लिहिलंत. पण १७ डिव्हिजनवर जरा अन्याय झाला. मोल्याकडून येणाऱ्या वाटेवर घाट, जंगल, सुरुंग, उडवलेले पूल, बोरीचा पूल पण तसाच उडवलेला. उत्तरेची वाट त्या मानाने मोकळी होती, म्हणून सगत सिंग आधी पोचले यात त्यांची चपळाई आहेच पण भूगोल पण आहे.

दुसरं, आमच्या फोंड्यात आधी आले ते २ पॅरा मराठा. आईच्या माहेरची माणसं सांगतात, फौजी मराठीत बोलतायत हे ऐकून बायका दारातून बाहेर आल्या, पाणी दिलं, नारळ दिले. चारशे एकावन्न वर्षं परक्यांच्या राज्यात काढलेल्या गावाला सोडवायला आलेला शिपाई "मावशी, पाणी मिळेल का" म्हणतो हे काय वाटलं असेल त्यांना.

आणि आग्वाद विसरू नका. ७ लाइट कॅव्हलरीचे मेजर सिधू आग्वादच्या किल्ल्यात कोंडलेल्या राजकीय कैद्यांना सोडवायला गेले आणि तिथे गोळीबारात मारले गेले. गोवा सहज मिळाला असं म्हणणाऱ्याला मी हे नेहमी सांगते. आपले २२ जण गेले.

दोडामार्गकर | १९ डिसेंबर, सकाळी ९:५०

मान्य ताई. वाट मोकळी होती हे खरं. पण मोकळ्या वाटेवर पण माणसं थांबतात, पूल उडालाय, वरून हुकूम येऊ दे म्हणून. हे थांबले नाहीत एवढंच म्हणायचंय. सिधूंचं तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, माझ्याकडून राहून गेलं होतं.

एक किस्सा, जो त्यांच्याबद्दल नेहमी सांगितला जातो. गोव्यानंतर आग्र्याच्या एका हॉटेलात साध्या कपड्यात बसलेले असताना काही अमेरिकन पर्यटकांनी त्यांना ओळखलं. तुम्ही ब्रिगेडियर सगत सिंग का? तुमचे फोटो लिस्बनमध्ये लागलेत, पकडून देणाऱ्याला दहा हजार डॉलर.

तिस्ताकाठ | १९ डिसेंबर, दुपारी १२:०५

नथू लाबद्दल मी लिहितो. नोकरीमुळे गंगटोकला चार वर्षं होतो, नथू लाला बऱ्याचदा जाणं झालं. जे गेले असतील त्यांना माहीत आहे, चौदा हजार फुटांवर चार पायऱ्या चढलं की छाती भरून येते, आणि चिनी शिपाई एवढा जवळ की त्याच्या बुटाची लेस दिसते. तिथे उभं राहिल्यावरच कळतं की सगत सिंगांनी काय वाचवलं.

गोष्ट १९६७ ची सांगतात सगळे पण ती सुरू होते १९६५ ला. सप्टेंबरमध्ये पाकिस्तानशी लढाई चालू असताना चीनने आपल्याला निर्वाणीचा इशारा दिला, सिक्कीमच्या सीमेवरची ठाणी हटवा. दोन खिंडी, जेलेप ला आणि नथू ला. दोन्हींसाठी वरून सूचना अशी की वेळ आली तर मागे या आणि मागच्या मुख्य फळीवरून लढा. जेलेप ला ज्या डिव्हिजनकडे होती तिने ती सोडली. चिन्यांनी लगेच घेतली, आजही त्यांच्याकडे आहे. नथू ला १७ माउंटन डिव्हिजनकडे, तिचे जीओसी, म्हणजे प्रमुख, मेजर जनरल सगत सिंग, ते म्हणाले मी सोडत नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं, ही खिंड पाणलोटावर आहे, एकदा खाली उतरलो की परत वर चढून घेता येणार नाही आणि वर बसलेल्याला खालचं सगळं सिक्कीम दिसणार. बासष्टचा मार खाऊन तीनच वर्षं झाली होती, चीन म्हटलं की लष्करात लोकांच्या पोटात गोळा यायचा, आणि हा माणूस म्हणतोय हलणार नाही. आणि चिनी आले नाहीत.

मग दोन वर्षं ढकलाढकली, लाउडस्पीकरवरून भाषणं, शिव्या. शेवटी सीमेवर तारेचं कुंपण घालायचं ठरलं, नथू लापासून सेबू लापर्यंत. ११ सप्टेंबर १९६७ ला पहाटे काम सुरू झालं. २ ग्रेनेडियर्सचे कर्नल राय सिंग आणि चिन्यांचा राजकीय कमिसार यांची तिथेच बाचाबाची झाली, चिनी मागे गेले, शिट्टी वाजली आणि मशीनगन सुरू. आपली माणसं उघड्यावर, हातात तार आणि खांब. पहिल्या दहा मिनिटांत सत्तरच्या आसपास माणसं पडली. राय सिंग जखमी. कॅप्टन डागर आणि १८ राजपूतचे मेजर हरभजन सिंग चिन्यांच्या मशीनगनवर चालून गेले आणि तिथेच संपले.

आता इथे खरा प्रश्न. तोफा चालवायला वरून परवानगी लागायची, तो विषयच दिल्लीच्या पातळीचा. सगत सिंगांनी वाट बघितली नाही. सेबू ला आणि कॅमल्स बॅक ही बाजूची उंच ठिकाणं आपल्याकडे होती, तिथून चिन्यांची मागची याटुंगची बाजू स्पष्ट दिसायची, आणि हे त्यांना आधीपासून माहीत होतं. तीन दिवस तोफा चालल्या. चिन्यांचे बंकर, मागून येणारी कुमक, सगळ्यावर. १४ तारखेला थांबलं. नंतर १ ऑक्टोबरला चो लाला परत चकमक झाली, तिथेही चिन्यांना मागे सरावं लागलं. दोन्ही मिळून आपले ८८ गेले. आपल्या अंदाजाने त्यांचे ३४०.

आकड्यांवर वाद घाला, पण एक गोष्ट वादाची नाही. नथू ला आज आपल्याकडे आहे. पर्यटक म्हणून आपण परमिट काढून जातो, फोटो काढतो, कॉफी पितो, ते १९६५ ला एका माणसाने खाली उतरायला नकार दिला म्हणून.

कवायत | १९ डिसेंबर, दुपारी २:३०

सगळं वाचलं, आदर आहे. पण मला एक गोष्ट टोचते आणि ती बोलायलाच हवी. मी स्वतः २२ वर्षं फौजेत काढलीत, खालच्या रँकमध्ये. आम्हाला पहिल्या दिवसापासून एकच शिकवलं, हुकूम. आता तुम्ही म्हणताय पणजीत हुकुमाच्या पुढे गेले, नथू लाला हुकूम मानला नाही, तोफा परवानगीशिवाय चालवल्या. प्रत्येक वेळी यश आलं म्हणून आपण टाळ्या वाजवतोय. एकदा जरी उलटं झालं असतं, चीनने ६७ ला मोठी लढाई पेटवली असती, तर याच माणसाला आपण काय म्हटलं असतं? उद्या प्रत्येक जनरल म्हणाला की मला माझं बरोबर वाटतं, तर फौज चालेल कशी?

तिस्ताकाठ | १९ डिसेंबर, दुपारी ३:१०

कवायत साहेब, तुमचा प्रश्न खरा आहे आणि तुम्ही आतून विचारताय म्हणून वजन जास्त आहे. माझं उत्तर एवढंच की नथू लाला त्यांना सूचना मिळाली होती त्यात वेळ आली तर असं होतं, आणि वेळ आलीय की नाही हे ठरवायला ते स्वतः जागेवर होते. तोफांचं मात्र तुमचं बरोबर, ती जोखीम होती, मोठी. पण समोर माणसं मरतायत, मिनिटाला सात-आठ, आणि फोनवर वाट बघायची?

मेघनाकाठचा | १९ डिसेंबर, संध्याकाळी ६:४५

उशिरा आलो, ऑफिस होतं. ७१ वर लिहितो, हा माझ्या घरातला विषय आहे. वडील सिग्नलमध्ये, म्हणजे लष्कराच्या संदेशवहन विभागात होते, ७१ ला ४ कोरच्या (कोर म्हणजे काही डिव्हिजन मिळून झालेली फौज) हेडक्वार्टरला, त्रिपुरात तेलियामुड्याला. आता नाहीत. त्यांच्या तोंडून ऐकलेलं आणि नंतर मी वाचलेलं असं एकत्र लिहितो.

४ कोर म्हणजे तेजपूरची कोर, मूळ काम चीनची सीमा. डिसेंबर १९७० मध्ये सगत सिंग तिचे कोर कमांडर झाले, त्याआधी शिलाँगला राहून मिझो टेकड्यांतलं बंड हाताळत होते. पूर्व पाकिस्तानची लढाई दिसायला लागली तशी कोर त्रिपुराकडे आणली. त्रिपुराकडे जाणारा रस्ता एकच, रेल्वे धर्मनगरपर्यंतच, म्हणजे तीन डिव्हिजनचं सगळं सामान त्या एका रस्त्याने वाहायचं. बाबा म्हणायचे पावसाळ्यात महिनोन्‌महिने आम्ही फक्त रस्ता आणि तारा केल्या, लढाई नंतर.

तीन डिव्हिजन अशा. वर सिल्हेटकडे ८ माउंटन, मेजर जनरल कृष्ण राव. मध्ये आखौडा-आशुगंज, ५७ माउंटन, मेजर जनरल गोन्साल्विस. खाली कोमिल्ला-चांदपूर, २३ माउंटन, मेजर जनरल हिरा. आणि सगळ्यांची हद्द मेघना नदी. ढाका नदीच्या पलीकडे आणि ढाका घ्या असा स्पष्ट हुकूम ४ कोरला नव्हता. मेघनेच्या अलीकडचा मुलूख घ्यायचा, तिथे काम संपलं.

सगत सिंगांच्या डोक्यात मात्र पहिल्यापासून ढाका. बाबा सांगायचे, साहेब ऑफिसात सापडायचेच नाहीत, सकाळी हेलिकॉप्टरने निघाले की संध्याकाळी परत, कधी या ब्रिगेडला, कधी त्या बटालियनला, लढाई चालू असलेल्या ठिकाणाच्या वर. संध्याकाळी येऊन नकाशावर बोट ठेवायचे आणि ते बोट ठेवायचे तिथे ते सकाळी स्वतः जाऊन आलेले असायचे. कवायत साहेब, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे. ते हुकूम मोडत होते असं मला वाटत नाही, हुकूम देणाऱ्याला जे दिसत नव्हतं ते बघून येत होते.

९ डिसेंबरला काय झालं बघा. आशुगंजला मेघनेवर मोठा रेल्वे पूल, जवळपास किलोमीटरभर लांब. पाकिस्तानी १४ डिव्हिजन मागे हटली, पलीकडे भैरव बाजारला गेली आणि पूल उडवून दिला. आता समोर एवढी नदी, पूल नाही, पलीकडे शत्रूची डिव्हिजन वाट बघतेय. कुठलाही माणूस म्हणेल थांबा, होड्या आणा, पूल बांधा, दोन आठवडे. सगत सिंग हेलिकॉप्टर घेऊन नदीवर गेले, उतरायला जागा शोधायला. खालून मशीनगनचा मारा झाला, पायलटला लागलं, सगत सिंगांच्या कपाळाला चाटून गेलं, को-पायलटने कसंबसं आगरतळ्याला आणलं. नंतर मोजली तर हेलिकॉप्टरला ६४ भोकं. आणि हा माणूस कपाळावर पट्टी बांधून परत कामाला.

जागा सापडली होती. भैरव बाजारच्या दक्षिणेला रायपुरा. ४ गार्ड्सच्या जवानांना मी-४ हेलिकॉप्टरमध्ये भरलं आणि नदीवरून पलीकडे नेऊन ठेवलं. एका खेपेला जेमतेम बारा-चौदा माणसं. रात्री पण खेपा चालू, खाली टॉर्चच्या उजेडावर उतरायचं. हे सगळं उभं केलं जोरहाटच्या हवाई तळाचे ग्रुप कॅप्टन चंदन सिंग यांनी, त्यांना महावीर चक्र मिळालं आणि ते पूर्ण हक्काचं. दोन दिवसांत नरसिंगदी. तिथून ढाका रस्त्याने पन्नास किलोमीटर. बाकीचे जवान गावकऱ्यांच्या होड्यांतून, सामान सायकल रिक्षांवर. तरंगणारे पीटी-७६ रणगाडे नदीत इंजिन तापून बंद पडले तेव्हा त्यांना पण गावकऱ्यांनी होड्या लावून ओढलं. बाबा म्हणायचे बांगलादेशी माणूस नसता तर ती नदी ओलांडलीच नसती आम्ही.

आणि भैरव बाजारची ती पाकिस्तानी डिव्हिजन? ती तिथेच बसून राहिली. तिच्याशी लढायलाच गेले नाहीत, बाजूने निघून गेले. शरणागतीपर्यंत ती भैरव बाजारलाच.

पुण्याची_नंदा | १९ डिसेंबर, रात्री ८:२०

अंगावर काटा आला वाचताना. मेघनाकाठचा, तुमच्या वडिलांना नमस्कार.

सिल्हेटचं राहिलं ते मी घालते कारण त्यात आपला मराठी माणूस आहे. ४/५ गोरखा रायफल्स, म्हणजे ५ गोरखाची चौथी बटालियन, तिचे सीओ (प्रमुख) लेफ्टनंट कर्नल अरुण भीमराव हरोलीकर. आधी नोव्हेंबरमध्ये आटग्रामला या बटालियनने रात्री खुकरी घेऊन हल्ला केला. मग ७ डिसेंबरला सगत सिंगांनी ठरवलं की सिल्हेट रिकामं होतंय, हेलिकॉप्टरने उतरा आणि घ्या. उतरल्यावर कळलं रिकामं नाही, उलट अजून एक पाकिस्तानी ब्रिगेड येऊन तिथे बसलीय. हे चारशेच्या आत-बाहेर आणि समोर हजारो. ४८ तासांत मागची फौज येऊन मिळेल असं सांगितलेलं, लागले नऊ दिवस. खाणं संपलं, दारूगोळा मोजून वापरायचा, जखमी तिथेच. मधे बीबीसीने चुकून बातमी दिली की भारताची एक ब्रिगेड सिल्हेटला उतरलीय, ती पाकिस्तान्यांनी पण ऐकली आणि हरोलीकरांनी पण. मग यांनी माणसं अशी पसरवून ठेवली की समोरच्याला ब्रिगेडच वाटावी. शेवटी तीन ब्रिगेडियर शरण आले, एका बटालियनला. हरोलीकरांना महावीर चक्र.

पण नीट बघितलं तर इथे सगत सिंगांचा अंदाज चुकला होता. सिल्हेट रिकामं नव्हतं. गोरख्यांनी तो सावरला. हे पण याच धाग्यात लिहिलेलं असावं असं मला मनापासून वाटतं.

कवायत | १९ डिसेंबर, रात्री ९:०५

नंदाताई, अगदी हेच. आणि आशुगंज पण. पूल उडाला त्याच दिवशी १८ राजपूत आणि १० बिहार घाईने पुढे गेले, शत्रू निघून गेला या समजुतीत, आणि सापडले मारात. बरेच जवान गेले. वेगाची किंमत खाली द्यावी लागते, वर नाही. मी जनरल साहेबांना कमी लेखत नाही. पण किंमत ज्यांनी दिली त्यांची नावं कुणी धागा काढून लिहीत नाही.

तरी एक गोष्ट आज मान्य करतो. मेघनाकाठच्या वडिलांचं ते वाक्य, बोट ठेवायचे तिथे स्वतः जाऊन आलेले असायचे. असा साहेब असेल तर जवान जातो. मी गेलो असतो. मला माझ्या नोकरीत दोन प्रकारचे साहेब भेटले, आणि आम्हाला कधी कोणी सांगावं लागलं नाही कोणाच्या मागे जायचं.

मेघनाकाठचा | १९ डिसेंबर, रात्री ९:४०

कवायत साहेब, पटलं. १८ राजपूत म्हणजे तीच बटालियन, मेजर हरभजन सिंगांची, नथू लाची. चार वर्षांनी परत याच जनरलच्या हाताखाली, परत पुढे. काय म्हणावं.

आणखी एक असंच. दोडामार्गकरांनी लिहिलेली २ पॅरा मराठा, फोंड्याला गेलेली. तीच बटालियन ११ डिसेंबर १९७१ ला टांगाईलला पॅराशूटने उतरली आणि १६ ला सकाळी मीरपूरच्या पुलावरून ढाक्यात पहिली शिरली. उत्तरेकडून ती आणि पूर्वेकडून सगत सिंगांची ४ कोर.

फोंड्याची | १९ डिसेंबर, रात्री १०:००

हे मला माहीतच नव्हतं! आईला आत्ताच उठवून सांगितलं. ती म्हणाली, "तेच का ते, पाणी मागणारे?"

सदाशिवराव_नाशिक | १९ डिसेंबर, रात्री १०:३५

एवढं सगळं करून त्यांना शौर्यपदक एकही नाही आणि आर्मी कमांडरही केलं नाही, हे खरं का? कारण काय?

मेघनाकाठचा | १९ डिसेंबर, रात्री ११:१०

खरं आहे सदाशिवराव. पद्मभूषण मिळालं, परमविशिष्ट सेवा पदक मिळालं. लढाईतल्या शौर्याचं चक्र नाही. आणि लेफ्टनंट जनरल म्हणूनच निवृत्त.

कारण मी काय सांगू, फाइलवर असलं कारण लिहीत नाहीत. पण एक बघा. ६७ ला नथू लाच्या वेळी त्यांचे कोर कमांडर अरोरा आणि आर्मी कमांडर माणेकशॉ. ७१ ला आर्मी कमांडर अरोरा आणि चीफ माणेकशॉ. तीच दोन माणसं वर, आणि दोन्ही वेळा हे खाली राहून त्यांच्या पुढे गेलेले. मेघना ओलांडायला अरोरांनी हरकत घेतली होती आणि सगत सिंग ऐकायला तयार नव्हते हे त्यांच्या बरोबरच्या अधिकाऱ्यांनी लिहून ठेवलंय. लढाई चालू असताना असा माणूस सगळ्यांना हवा असतो. शांततेत त्याच्याबरोबर फाइल चालवायची म्हटलं की अवघड. त्यात बोलायला सरळ, वरच्याची मर्जी राखणं जमायचं नाही. नाईक म्हणून सुरू झालेला माणूस, पाठीशी कोणी नाही.

शरणागतीचा तो फोटो काढा, १६ डिसेंबर, रमणा रेसकोर्स, टेबलावर पाकिस्तानचे जनरल नियाझी आणि अरोरा सही करतायत. मागे जे उभे आहेत त्यात सगत सिंग आहेत. आमच्या घरी तो फोटो भिंतीवर होता. बाबा पाहुण्यांना अरोरा नाही दाखवायचे, मागच्या रांगेवर बोट ठेवायचे.

घरातही त्या माणसाने खूप सोसलं, दोन मुलगे त्यांच्या डोळ्यांदेखत गेले. निवृत्त होऊन जयपूरला राहिले. घराला नाव दिलं मेघना. २६ सप्टेंबर २००१ ला गेले. बाबांनी पेपरात शोधली बातमी, आतल्या पानावर छोटीशी होती. ती कापून त्यांनी सर्व्हिस बुकात ठेवली, अजून आहे माझ्याकडे.

दोडामार्गकर | २० डिसेंबर, सकाळी ६:५५

रात्रभर झालेलं सगळं आत्ता वाचलं. सगळ्यांचे मनापासून आभार, नंदाताई आणि कवायत साहेबांचे जास्त, कारण तुम्ही नसतात तर हा नुसता जयजयकार झाला असता.

काल संध्याकाळी मुलीला घेऊन बेतीला गेलो होतो. फेरीबोट चालू आहे अजून, पाच मिनिटांत पणजी. धक्क्यावर उभं राहून तिला सांगितलं, इथे रात्री शीख जवान थांबले होते, आणि सकाळी टोप्या बदलून पलीकडे गेले. तिने विचारलं टोप्या का बदलल्या. सांगितलं. मग ती म्हणाली, तुमच्या आजोबांना माहीत होतं का हे टोप्यांचं? नव्हतं. ते दोडामार्गला राहिले, गाड्या पुढे गेल्या.

मेघनाकाठचा, ते कात्रण जपून ठेवा. जमलं तर त्याचा फोटो इथे टाका, आणि तुमच्या वडिलांचं सिग्नल युनिट कोणतं, तेलियामुड्याला कधीपासून होते, हे सगळं तारखेसकट लिहून काढा. फोंड्याच्या ताई, आईंचं पाणी मागणाऱ्या जवानांचं पण, त्यांच्याच शब्दांत. मी आजोबांचं लिहायला घेतोय आज.